पारख्याची जीभ आणि भरलेलं गाडगं

फार पूर्वी, नदीवर पूल बांधायची अक्कल माणसाला यायच्या आधी, एका राज्यात एक पारखी होता.

पारखी म्हणजे राजाच्या कोठाराचा चाखणारा. तूप, तेल, मध, काकवी, जे काही राजवाड्यात यायचं ते आधी त्याच्या जिभेवरून जायचं. ती जीभ म्हणजे एक नवलच होतं. बोटभर मध चाटून तो सांगायचा, की माशी जांभळाच्या फुलावर बसली होती का कारवीच्या. तुपात कुणी चमचाभर चरबी मिसळली असली, तर बरणीचं झाकण उघडताच नाक मुरडायचा. जीभ बिघडू नये म्हणून तो तिखट खायचा नाही, पान खायचा नाही, हुरड्याच्या दिवसांतसुद्धा ठेच्याकडे बघायचा नाही. त्याची बायको म्हणायची, "तुमच्यासाठी रांधायचं म्हणजे रोज आजाऱ्याची पेज शिजवायची." तो नुसता हसायचा. मनातून त्याला आपल्या जिभेचा फार अभिमान होता.

आणखीही एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. आजवर तो एकदाही खोटं बोलला नव्हता. राजा विचारायचा, "शुद्ध आहे की नाही?" तो सांगायचा, "आहे," किंवा सांगायचा, "नाही." त्यापुढे एक अक्षर बोलायचा नाही. ज्याचं तूप भेसळीचं निघालं त्याचं पुढे काय झालं, त्याच्या पोराबाळांनी काय खाल्लं, हे त्यानं कधी विचारलं नाही. ते आपलं काम नव्हे, असं तो म्हणायचा. अशी माणसं दरबाराला फार आवडतात.

त्या राज्यात अफूचा फार सुळसुळाट झाला होता. हमाल पाठ दुखते म्हणून घ्यायचे, म्हातारे झोप येत नाही म्हणून घ्यायचे, आणि ज्यांना काहीच दुखत नव्हतं ते शेजारी घेतो म्हणून घ्यायचे. तोवर राजानं तिकडे लक्ष दिलं नव्हतं. मग एक दिवस कळलं, की राजपुत्रही घेतो.

राजानं मुलाला चाळीस दिवस एका खोलीत कोंडलं. बाहेर पहारा बसवला. राजपुत्र ओरडला, भिंतीवर डोकं आपटून घेतलं, अंथरुणात लोळला, आणि हळूहळू शांत झाला. चाळिसाव्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या गालांवर रंग होता. आईच्या हातचं तो पोटभर जेवला. राजवाड्यानं गावभर साखर वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बागेत मरून पडलेला सापडला, आणि त्याच्या जिभेखाली अफू होती.

राजाचं दुःख खरं होतं, त्याबद्दल कुणी काही बोलू नये. पण त्या दुःखातून त्यानं एकच अर्थ काढला. त्याला वाटलं, आपण मऊ पडलो. चाळीस दिवस कमी पडले, पहारा कमी पडला, आणि राज्यात अफू उरलीच कशी म्हणून ती पोराच्या हाती लागली.

दुसऱ्याच आठवड्यात दवंडी फिरली. ज्याच्या घरी अफू सापडेल त्याचं भांडं फोडलं जाईल आणि त्याच्या पाठीवर फटके बसतील. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर तीस फटके, अर्धं असेल तर पंधरा, रिकामं असेल तर सूट. भांड्यात अफू आहे की नाही, हे पारखी चाखून सांगेल.

दरबारातल्या शहाण्यांना हा कायदा फार न्यायाचा वाटला. जास्त अफू त्याला जास्त शिक्षा, यात चुकतं कुठे? सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच राज्यात एक वैद्यीण होती. वय झालेली, तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेली. दवंडी ऐकली तशी ती उठली आणि काखेत एक गाडगं घेऊन थेट दरबारात आली.

"महाराज," ती म्हणाली, "माझ्या गाडग्यांना हात लावू नका."

"तुझी कसली गाडगी?"

"अफू सोडवायची. गावातली सत्तर माणसं या गाडग्यांवर आहेत." तिनं काखेतलं गाडगं जमिनीवर ठेवलं. "पहिल्या दिवशी मी यात अफूचं पाणी भरून देते. काढ्यासारखं काळं. माणसानं रोज संध्याकाळी त्यातली एक पळी प्यायची, आणि प्यायली की लगेच एक पळी साधं पाणी आत ओतायचं. गाडगं कायम भरलेलंच ठेवायचं. रिकामं होत चाललेलं भांडं दिसलं की अफूवाला घाबरतो आणि गोळी शोधत सुटतो. भरलेलं दिसलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. आणि आतलं पाणी रोज थोडं थोडं निवळत जातं. वर्षभरानं तो नुसतं विहिरीचं पाणी पीत असतो, आणि ते त्याचं त्यालाही कळत नाही."

राजानं गाडग्याकडे बोट दाखवलं. "यात अफू आहे की नाही?"

"आहे, पण रोज ती..."

"म्हणजे आहे."

वैद्यीण वळली. खांबापाशी पारखी उभा होता. ती त्याला म्हणाली, "अहो पारखी, तुम्ही तरी सांगा यांना. एवढ्या वर्षांची तुमची जीभ. आहे आणि नाही यांच्या मधे काहीच नसतं का?"

पारख्याला चांगलं ठाऊक होतं की असतं. कडूपणाच्या शंभर पायऱ्या असतात आणि त्यातली एकेक त्याला ओळखता यायची. पण राजानं त्याला काही विचारलं नव्हतं. त्यानं नजर फरशीकडे वळवली.

राजा म्हणाला, "माझा मुलगा अफूनं गेला आणि ही बाई घरोघर अफू वाटते. हिला नदीपलीकडे घालवून द्या. परत आणणाऱ्याचीही पाठ सोलली जाईल."

तिला पलीकडे सोडायचं काम गावच्या नावाड्याकडे आलं. तोही तिच्याच गाडग्यावर होता. नाव काठाला लागली तेव्हा तो तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "रडू नकोस. गाडगं जप. अजून चार महिने." मग ती रेतीतून चालत निघून गेली.

झडत्या सुरू झाल्या. पुढे हवालदार, मागे दोन शिपाई, आणि त्यांच्यामागे स्वच्छ धोतर नेसलेला पारखी. घरोघर भांडी पुढे यायची, तो बोट बुडवून चाखायचा आणि सांगायचा, आहे किंवा नाही.

घाटाजवळच्या गल्लीत पहिलं घर एका गवंड्याचं लागलं. हा माणूस वैद्यिणीकडे कधी फिरकलासुद्धा नव्हता. झडती येते आहे म्हणताच त्यानं घरातली होती नव्हती ती अफू एका दमात घशाखाली घातली आणि भांडं चाटूनपुसून उंबऱ्यावर पालथं ठेवलं. हवालदार आला तेव्हा तो दारातच बसून आभाळाकडे बघत गोड हसत होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्याला आपल्या पायातली चप्पल कुठली आणि शेजारची कुठली, हेही कळत नव्हतं.

हवालदारानं भांडं उलटंसुलटं केलं. "रिकामं आहे. सूट."

"महाराजांचा विजय असो," गवंडी म्हणाला आणि उंबऱ्यावरच आडवा झाला.

त्याच्या पलीकडचं घर नावाड्याचं होतं.

नावाडी हा रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. थंडीच्या दिवसांत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नाव ओढताना त्याचे खांदे धरायचे. एकदा कुणा वाटसरूनं त्याला हरभऱ्याएवढी गोळी दिली आणि दुखणं पळालं. मग ती गोळी रोजची झाली. पुढे अशी वेळ आली, की नावेत माणसं बसलेली असायची आणि हा वल्ह्यावर डोकं टेकून झोपलेला असायचा. एकदा नाव वाहत जाऊन खडकाला लागली, तेव्हा त्याची बायको त्याला हाताला धरून वैद्यिणीकडे घेऊन गेली. त्याला आता आठ महिने झाले होते. आठ महिने त्याच्या बायकोनं ते गाडगं देवासारखं जपलं होतं. संध्याकाळी पळी तीच भरायची आणि पाणीही तीच ओतायची.

हवालदारानं गाडगं ओढून पुढे घेतलं. काठोकाठ भरलेलं.

"तीस," एक शिपाई म्हणाला.

नावाड्याची बायको पारख्याच्या समोर आली. तिनं पदर पुढे घेतला आणि हात जोडले. "दादा, तुमी जाणतं मानूस हाय. हे बगा, कसं निवळलंय. आदी काळंकुट्ट होतं. आता पोरगी इचारती, आई, गुळाचं पानी हाय का? माझा धनी आता वल्हं मारताना गातोय, दादा. घरात दोन घास गोड लागत्यात त्याला. पानी हाय म्हना. येक शबुद. तुमचं काय जातंय?"

पारख्यानं बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं.

आधी काहीच लागलं नाही. नुसतं पाणी, मातीच्या भांड्याचा वास असलेलं. मग गिळल्यावर, फार उशिरा, घशाशी कडवटपणाची एक बारीक रेघ उमटली. दुसऱ्या कुणाला ती कळलीसुद्धा नसती. पारख्याला कळली. आणि तेवढ्यावरून त्याला सगळंच कळलं. पहिल्या दिवशी हे पाणी किती कडू असेल, ते किती पळ्यांनी इथवर उतरलं, हे त्याच्या जिभेनं त्याला पुस्तक वाचावं तसं सांगितलं. अजून चार महिने, बाई म्हणाली होती. चार महिनेसुद्धा लागणार नव्हते.

"आहे की नाही?" हवालदारानं विचारलं.

नावाडी दाराशी उभा होता. त्याच्या पायाला मिठी मारून चार वर्षांची मुलगी उभी होती.

पारख्याच्या ओठांवर 'पण' आला होता. आहे, पण जायला आलंय. आहे, पण हा माणूस सुटत आलाय. एवढंच म्हणायचं होतं. पण हवालदारानं ते विचारलं नव्हतं, आणि जे विचारलं नाही ते सांगायची त्याला उभ्या जन्मात सवय नव्हती.

"आहे," तो म्हणाला.

शिपायानं गाडगं जोत्यावर आपटलं. नावाड्याच्या बायकोच्या तोंडून असा आवाज निघाला, की शेजारच्या आळीतल्या बायका बाहेर आल्या. मग नावाड्याला अंगणातल्या शेवग्याला बांधलं आणि तीस फटके मोजून मारले. तो सगळा वेळ जोत्यावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत होता.

पारखी पुढच्या घराकडे गेला. संध्याकाळी घरी आल्यावर तो जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "तोंड कडू झालंय." आपण खोटं बोललो नाही, हे त्यानं मनाशी दहादा म्हटलं, आणि दहाही वेळा ते खरंच होतं. तरी त्याला चैन पडेना.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावचा मध चाखायला जायचं म्हणून पारखी घाटावर आला. नाव बांधलेलीच होती. वल्ही आत पडली होती. तो हाक मारणार, इतक्यात वरून नावाड्याची बायको धावत आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

"दादा, उठंना झालाय ओ! धनी उठंना झालाय!"

पारखी तिच्यामागे धावला. नावाडी घोंगडीवर उताणा पडला होता. ओठ जांभळे पडले होते. श्वास एकदा यायचा, मग इतका वेळ यायचाच नाही की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, आणि मग घोरल्यासारखा पुन्हा एकदा यायचा.

"काय झालं?"

"नऊ दिस कसं काढलं ते माझं मला ठावं," ती म्हणाली. "पाठ सोललेली, त्यात पोटऱ्यांत गोळं, नाकाडोळ्यांतनं धार. कापडावानी पिळून निघत हुता. म्हनायचा, माझं गाडगं आना, येक पळी द्या. कुटनं आनू? आन् आज कुनीतरी चोरून गोळी दिली. म्यां नगं म्हनलं. तर म्हनला, लई न्हाई घेत, पयल्यासारकी हरबऱ्यायेवडीच घितो. येवडीच तर घेत हुतो की मी. येवडीच घितली ओ त्यानं!"

"वैद्यीणबाईंना..." पारखी म्हणाला आणि थांबला.

वैद्यीण नदीपलीकडे होती. तिला परत आणायला बंदी होती. आणि बंदी मोडून नाव पलीकडे नेऊ शकेल असा गावात एकच माणूस होता, तो समोर घोंगडीवर पडला होता.

पारखी घाटाकडे पळाला. जन्मात त्यानं वल्हं हातात धरलं नव्हतं. त्यानं दोर सोडला, नाव ढकलली, आणि आत पडता पडता बसला. उजवीकडे वल्हं मारलं तर नाव डावीकडे फिरायची, डावीकडे मारलं तर जागच्या जागी गिरकी घ्यायची. मध्यावर ती एका रेतीच्या उंचवट्यावर रुतली. धोतर कमरेला खोचून तो पाण्यात उतरला आणि खांद्यानं ढकलू लागला. हाताच्या कातड्याची सालं निघाली. तो मोठ्यानं रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. नावाडी हेच अंतर एक गाणं संपायच्या आत कापायचा. पारख्याला पलीकडे पोचेतो उन्हं डोक्यावर आली.

वैद्यीण काठाजवळच्याच एका धनगराच्या झोपडीपुढे मुळ्या वाळवत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं एकच विचारलं, "किती घेतली?"

"हरभऱ्याएवढी. पहिल्यासारखीच."

"पहिल्यासारखीच!" म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. मग ती उठली. येताना एक वल्हं तिनं धरलं आणि एक त्यानं.

ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. नावाड्याची बायको अजून त्याच्या तळपायांना सुंठ चोळत होती. वैद्यिणीनं तिचे हात धरून ठेवले, तेव्हा कुठे ती थांबली. मुलगी दाराशी बसून बापाच्या उठण्याची वाट बघत होती.

अंगणात आल्यावर पारख्यानं विचारलं, "पूर्वी एवढीच गोळी त्याला पचायची. मग आज काय झालं?"

"अंगाला अफूची सवय होते तशी ती मोडतेही," वैद्यीण म्हणाली. "आठ महिन्यांत त्याचं अंग निवळलं होतं. आज जी गोळी घेतली ती त्याला नवशिक्याइतकीच जड होती. पण हे त्याच्या डोक्याला कुठे ठाऊक? डोक्यात माप जुनंच. म्हणून तर मी गाडगं अर्ध्यावर कधी तोडत नाही."

"गाडगं फुटलं नसतं तर?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती फटकळ बाई होती, पण त्या वेळी ती त्याला काही लावून बोलली नाही. ती म्हणाली, "तर तो आत्ता घाटावर असता."

त्या दिवसापासून पारखी आठवडाभर घरोघर हिंडला. जिथं जिथं त्यानं 'आहे' म्हटलं होतं, त्या प्रत्येक दारी गेला. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे त्याच्या अंगावर खरकटं पाणी पडलं. कुठे दारात सुतकाची माणसं बसलेली दिसली आणि तो परत फिरला.

पुढच्या सोमवारी दरबार भरला. राजा बऱ्याच दिवसांनी जरा मोकळा दिसत होता. त्यानं विचारलं, "पारखी, राज्यात अफूचं एक तरी गाडगं उरलं आहे की नाही?"

"नाही, महाराज."

"शाबास," राजा म्हणाला. "याला शालजोडी द्या."

नेहमीचा पारखी इथं मुजरा करून मागे सरकला असता. हा सरकला नाही. तो म्हणाला, "महाराज, आणखी सांगायचं आहे."

दरबारात कुजबुज झाली. विचारल्याशिवाय बोलताना या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं.

"झडतीनंतर अकरा माणसं मेली आहेत. दहा वैद्यीणबाईंच्या गाडग्यावरची होती. सुटत आलेली. ज्यांचं पाणी सगळ्यात जास्त निवळलं होतं तेच आधी गेले. आणि घाटाजवळ एक गवंडी आहे, त्यानं आजवर एक दिवसही अफू सोडलेली नाही. त्याचं भांडं रिकामं होतं. तो जिवंत आहे, महाराज. ज्यांना आपण तीस फटके मारले, त्यांच्या गाडग्यांत पाणी होतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

"पण अफू होती ना?"

"होती. एका घशाला लागेल न लागेल इतकी." मग वैद्यीण जे अंगणात बोलली होती ते सगळं त्यानं सांगितलं. अंग कसं विसरतं आणि डोक्यात जुनं माप कसं राहतं. तिला आपणच नदीपलीकडून आणलं, हेही सांगून टाकलं. "त्याची शिक्षा मला करा," तो म्हणाला.

राजाचं शिक्षेकडे लक्ष नव्हतं. तो सिंहासनावर पुढे झुकला होता.

"अंग विसरतं?" त्यानं विचारलं. "किती दिवसांत?"

"वैद्यीणबाई म्हणतात, महिन्याभरातही."

"चाळीस दिवसांत?"

आता कुठे पारख्याच्या लक्षात आलं, की राजा काय विचारतो आहे. एका म्हाताऱ्या सरदारानं मान खाली घातली.

"चाळीस दिवस मी त्याला कोंडलं," राजा म्हणाला. त्याचा आवाज राजाचा राहिला नव्हता. "तो बरा होऊन बाहेर आला. त्याला वाटलं असेल, नेहमीचीच गोळी. मला सांग, वैद्यिणीच्या हातात त्याला दिलं असतं तर माझा मुलगा जगला असता की नाही?"

पारख्याला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यामुळे एका बापाचं काळीज थोडं वाचलं असतं आणि त्याची शालजोडीही वाचली असती. पण मग तो कायदा तसाच राहिला असता आणि उद्याची माणसं मेली असती.

"बहुतेक जगला असता, महाराज," तो म्हणाला.

हो आणि नाही सोडून तिसरा शब्द त्या दरबारात त्यानं पहिल्यांदाच वापरला होता.

राजा उठून आत गेला. तीन दिवस दरबार भरला नाही. राणीला त्यानं ते सांगितलं की स्वतःपाशीच ठेवलं, हे कुणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी दवंडी फिरली. फटके बंद, झडती बंद, गाडगी फोडणं बंद. वैद्यिणीला मानानं परत बोलावलं आहे. ज्याला अफू सोडायची असेल त्यानं तिच्याकडे यावं, त्याचं नाव कुणी विचारणार नाही. कुणी गोळी घेऊन निपचित पडला तर बिनधास्त धावत यावं, धावत येणाऱ्याला कुणी धरणार नाही.

दवंडी चांगली होती. पण त्या दिवशी वैद्यिणीच्या दारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक दवंडी ऐकायचे आणि खिडक्या लावून घ्यायचे. मागची दवंडीसुद्धा राजाचीच होती, हे ते विसरले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात एक बाई आली, ती स्वतःसाठी नव्हे, "आमच्या ओळखीत एक जण आहे" म्हणून विचारायला. वैद्यिणीनं तिला गाडगं दिलं, पण त्या बाईच्या घरात ते महिनाभर धान्याच्या कणगीत पुरलेलं राहिलं. तोवर आणखी चार माणसं गेली.

त्यानंतर एक दिवस पारखी नावाड्याच्या घरी गेला. इतके दिवस तिथं जायचा धीर त्याला झाला नव्हता. नावाड्याची बायको अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. नवरा गेल्यापासून ती मासे विकायची.

"वहिनी," तो दारातूनच म्हणाला, "कायदा बदललाय. आता कुणाचं गाडगं फुटणार नाही. मी दरबारात सगळं सांगितलं."

तिनं मान वर केली नाही. "सांगितलंत?"

"हो."

"त्या दिशी का न्हाई सांगितलंत?"

पारखी अंगणातल्या मातीत खाली बसला.

नावाड्याच्या बायकोनं सुई जाळ्यात खोचली. ती म्हणाली, "मला सांगून आता काय उपेग, दादा? या गल्लीत अजून सतरा घरं हायती, कवाडं लावून बसल्याली. त्यांना सांगा. इस्वास बसंस्तवर सांगा." आणि ती उठून आत गेली.

पारखी उठला. मग पहिल्या घराचं दार वाजवायला गेला. आतून कुणी कडी काढली नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

तात्पर्य ऐकून ठेवा: राज्याला माणसं व्यसनातून सोडवायची असतील, तर भांडं किती भरलं आहे ते बघून शिक्षा करू नये, माणूस किती सुटत आला आहे ते विचारावं, आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्यानं कुणी विचारायची वाट बघत गप्प राहू नये.